डॉट आयओ, चागोस आणि समुद्र राखायचा खर्च

ज्यांना लोकलच्या गर्दीत ऐकू येत नाही, ज्यांचा डेटा संपलाय, किंवा ज्यांना माझा आवाज सहन होत नाही, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लिहिलेला मजकूर. बोलताना घेतलेले ‘म्हणजे, अं’ काढून टाकलेत. बाकी भाषा बऱ्यापैकी तशीच आहे.

सुरुवात तुमच्या फोनपासूनच करू. स्लिदर डॉट आयओ हा सापाचा गेम तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधी ना कधी खेळलाय. आमच्या क्षेत्रातल्यांनी गिटहब डॉट आयओवर एखादं पान टाकलेलं असतं. डॉट आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट असं अर्ध्या इंजिनिअर मंडळींना वाटतं, म्हणून तर स्टार्टअपवाल्यांना तो इतका आवडतो. पण जसं डॉट इन भारताचं, तसं डॉट आयओ एका प्रदेशाचं आहे. त्याचं नाव ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी. हा प्रदेश हिंदी महासागरात मालदीवच्या दक्षिणेला साधारण ५०० किलोमीटरवर आहे. पन्नास-साठ छोटी प्रवाळ बेटं आहेत आणि सगळ्यांची मिळून जमीन ६० चौरस किलोमीटरच्या आसपास. या द्वीपसमूहाचं जुनं नाव चागोस.

आजचा विषय आहे या बेटांभोवतीचा समुद्र. २०१० साली ब्रिटनने तिथे मासेमारीला पूर्ण बंदी असलेलं, तेव्हा जगात सगळ्यात मोठं, सागरी संरक्षित क्षेत्र जाहीर केलं. ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे दोन महाराष्ट्र सहज मावतील एवढं. आणि त्यावरून जो वाद पेटला तो लंडनच्या कोर्टातून हेगपर्यंत गेला. प्रवाळ आणि पक्षी वाचवायला एवढा विरोध का झाला? हे समजायचं तर आधी पन्नास-साठ वर्षं मागे जावं लागेल.

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि मोझांबिककडची गुलाम माणसं चागोसवर आणून नारळाच्या बागा लावल्या. पुढे बेटं ब्रिटिशांकडे आली, गुलामी कायद्याने संपली, आणि भारतातून करारावर आणलेले मजूरही त्यात मिसळले. खोबरं सुकवायचं, तेल गाळायचं, मासे धरायचे. चार-पाच पिढ्यांत तिथे एक समाज तयार झाला. त्याची क्रिओल भाषा होती, चर्च होती, स्मशानं होती. कारभार मॉरिशसमधून चालायचा.

१९६५ मध्ये मॉरिशस स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना ब्रिटनने चागोस त्यापासून तोडून वेगळी वसाहत केली. मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. कारण अमेरिकेला हिंदी महासागरात लष्करी तळ हवा होता आणि दिएगो गार्सिया हे सगळ्यात मोठं बेट त्यासाठी पसंत पडलं होतं. मोबदला म्हणून ब्रिटनला पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ही सूट अमेरिकन संसदेपासून लपवली होती, हे नंतर बाहेर आलं.

तळासाठी बेटं रिकामी हवी होती. १९६६ च्या परराष्ट्र खात्याच्या कागदात एका मोठ्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की आपल्याला काही खडक हवेत जे आपलेच राहतील, आणि तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज कोणी मूळ रहिवासी असणार नाही. दुसऱ्याने त्यावर शेरा मारला की दुर्दैवाने पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि मॅन फ्रायडेही आहेत. हे लोक म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली दीड-दोन हजार माणसं.

१९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना काढलं. आधी उपचाराला किंवा नातेवाइकांकडे मॉरिशसला गेलेल्यांना परतीचं जहाज नाकारलं, मग रसद कमी केली, मग मळे बंद केले. दिएगो गार्सियावरची कुत्री, जवळजवळ हजार, पकडून खोबरं वाळवायच्या कोठारात गॅसने मारली. माणसांना जहाजात भरून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवलं. पुढे नुकसानभरपाई म्हणून १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड आणि १९८२ मध्ये आणखी ४० लाख पौंड दिले गेले. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता समुद्राकडे वळू. माणसं गेली, दिएगो गार्सियावर धावपट्टी झाली, आणि बाकीची बेटं तशीच पडून राहिली. शास्त्रज्ञ अधूनमधून जायचे आणि थक्क होऊन परतायचे. ग्रेट चागोस बँक ही जगातली सगळ्यात मोठी प्रवाळ कंकणरचना मानली जाते. १९९८ च्या गरम पाण्याच्या लाटेत तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले, पण काही वर्षांत भरूनही आले. किनाऱ्यावरून सांडपाणी येत नाही, जाळी पडत नाहीत, त्यामुळे तिथल्या प्रवाळांना सावरायला वाव मिळतो, असं शास्त्रज्ञांचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या गोष्टीत शास्त्रज्ञांना खलनायक करायचा मोह होतो, आणि तेवढं सोपं ते नाहीये.

एक संशोधन तर मला फार आवडतं. २०१८ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात चागोसची उंदीर असलेली आणि उंदीर नसलेली बेटं शेजारी-शेजारी तपासली. उंदीर आले ते जुन्या काळच्या जहाजांतून, मळ्यांबरोबर. ते पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं खातात. बिनउंदरांच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची दाटी ७६० पट जास्त निघाली. पक्षी दूर समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. त्या शिटेतला नायट्रोजन पावसाबरोबर प्रवाळांपर्यंत उतरतो, आणि त्या बेटांभोवती माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त भरलं. म्हणजे प्रवाळांतले मासे वाढवायचे तर आधी जमिनीवरचे उंदीर मारा. एका ठिकाणचा बग भलत्याच ठिकाणी क्रॅश देतो, तसलाच प्रकार.

पण उंदीर मारायला पैसे लागतात. गस्तीला, डायव्हरना, प्रयोगशाळेला, सगळ्यालाच लागतात. आणि इथे या विषयातली खरी गोम आहे.

ब्रिटनचे असे १४ परदेशी प्रदेश आहेत. साम्राज्य गेलं, हे तुकडे राहिले: पिटकेर्न, ट्रिस्टन दा कुन्या, असेन्शन, साउथ जॉर्जिया, बर्म्युडा वगैरे. जगात फक्त ब्रिटिश झेंड्याखालीच सापडतात अशा जातींपैकी ९४ टक्के या प्रदेशांत आहेत, असं ब्रिटिश सरकारच सांगतं. पण निसर्ग राखण्याचा पैसा बहुतेक ब्रिटनच्या मुख्य बेटावर खर्च व्हायचा. या प्रदेशांतल्या लोकांना ब्रिटिश संसदेत खासदार नाही, त्यामुळे बजेटच्या वेळी त्यांच्यासाठी टेबल आपटणारं कोणी नाही. डार्विन प्लससारखी योजना २०१२ पासून आहे, पण ती प्रोजेक्टवर चालते. दोन-तीन वर्षांचं अनुदान, अहवाल, फोटो, संपलं. समुद्र राखणं हे मात्र मेंटेनन्सचं काम आहे. लाँच करायला सगळे हजर असतात, ऑन-कॉल कोण राहणार हा प्रश्न आला की मीटिंग रिकामी होते.

चागोसचं तर आणखी विचित्र. माणसंच नाहीत म्हणून कर नाही, मतदार नाही. त्याचं सरकार लंडनमध्ये परराष्ट्र खात्याच्या इमारतीत बसतं. उत्पन्न होतं ते मुख्यतः मासेमारीच्या परवान्यांचं. ट्यूना, म्हणजे आपल्याकडे ज्याला कुपा म्हणतात त्याच्या जातभाईंमागे स्पेन, फ्रान्स, तैवान, जपानच्या बोटी या समुद्रात यायच्या आणि वर्षाला दहा लाख पौंडांपर्यंत परवाना फी भरायच्या. त्यातून गस्तीच्या एका जहाजाचा खर्च काही अंशी निघायचा.

आणि डॉट आयओ? त्याचा हक्क १९९७ मध्ये एका खासगी कंपनीकडे गेला. ब्रिटिश सरकारने २०१४ मध्ये संसदेत सांगितलं की आम्हाला त्यातून काही महसूल मिळत नाही. २०१७ मध्ये ती कंपनी साधारण ७ कोटी डॉलरना विकली गेली. मघाचा ४० लाख पौंडांचा आकडा आठवा, आणि शेजारी हा ठेवा. गॅसने मारलेल्या कुत्र्यांच्या बेटाचं दोन अक्षरी नाव, आणि त्यातला एक पैसा बेटावरच्यांना नाही, पक्ष्यांनाही नाही.

आता २००९-१० कडे येऊ. चागोसवासीयांनी ब्रिटिश कोर्टात परत जाण्याचा हक्क मागितला होता. ऑलिव्हिए बाँकू हे त्यांचे नेते. लहानपणी पेरोस बान्योस बेटावरून कुटुंबाबरोबर मॉरिशसला आले आणि परतीची वाट बंद झाली ती कायमची. २००० मध्ये ते हायकोर्टात जिंकले. २००४ मध्ये सरकारने राणीच्या हुकुमाने, संसदेला वळसा घालून, परतीचा हक्क पुन्हा काढून घेतला. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारची बाजू उचलली. प्रकरण युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात होतं.

नेमक्या याच काळात पर्यावरण संस्थांनी चागोसला संरक्षित करण्याची मोहीम उभी केली. अमेरिकेतला प्यू ट्रस्ट त्यात पुढे होता. सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये जनतेची मतं मागवली. ऑनलाइन याचिकेवर पावणेतीन लाखांच्या घरात सह्या आल्या. एक क्लिक, समुद्र वाचला. सही करणाऱ्यांपैकी किती जणांना तिथून काढलेली माणसं माहीत होती, हा माझा आपला एक किडा.

१ एप्रिल २०१० ला परराष्ट्रमंत्री डेव्हिड मिलिबँड यांनी घोषणा केली. तारखेवरून विनोद करायचा मोह आवरतो. महिन्याभरात ब्रिटनमध्ये निवडणूक होती. परवाने बंद होणार म्हणजे परवान्याचं उत्पन्न बंद. मग जहाजाचं डिझेल कोण घालणार? घोषणेच्या वेळी याचं धड उत्तर नव्हतं. ते आलं काही महिन्यांनी, स्वित्झर्लंडहून. एर्नेस्तो बेर्तारेल्ली हे औषध कंपनी विकून अब्जाधीश झालेले गृहस्थ, शिडाच्या बोटींच्या शर्यतीतला अमेरिकाज कप जिंकलेले. त्यांच्या फाउंडेशनने पाच वर्षांचा खर्च उचलायचं कबूल केलं, म्हणून बंदी प्रत्यक्षात आली. पुढे याच फाउंडेशनने चागोसमधल्या सागरी संशोधनाला मोठा पैसा दिला, आणि चांगलं विज्ञान त्यातून आलं हेही खरं.

पण व्यवहार कसा दिसतो बघा. समुद्र वसाहतीचा, निर्णय लंडनचा, बिल एका खासगी दात्याचं. आणि ज्यांचे पणजोबा त्या वाळूत पुरलेत, ते या टेबलावर सल्ला द्यायला बोलावलेल्या हजारोंपैकी काही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विकिलीक्सचे कागद फुटले. त्यात मे २००९ ची लंडनच्या अमेरिकन दूतावासाची एक तार होती. परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याबरोबरच्या बैठकीचा वृत्तांत. त्यानुसार हा अधिकारी अमेरिकनांना समजावत होता की सगळा द्वीपसमूह सागरी राखीव झाला तर जुन्या रहिवाशांना परत वस्तीचा दावा पुढे नेणं अवघड, किंबहुना अशक्य होईल. ब्रिटनमध्ये पर्यावरणवाद्यांचा दबाव चागोसवाल्यांच्या पाठीराख्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे, असंही. आणि बेटांवर मॅन फ्रायडेंच्या पाऊलखुणा नसतील, हा १९६६ चा शब्द ४३ वर्षांनी पुन्हा त्या तारेत.

सरकारने कोर्टात हेतू वाईट असल्याचं नाकारलं, आणि हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ब्रिटिश न्यायालयांनी ते मान्यही केलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तार पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं, पण बहुमताने अपील फेटाळलं. कायद्याच्या भाषेत तिथे वाईट हेतू सिद्ध झाला नाही. माझं मत विचाराल तर, प्रवाळांवर खरंच प्रेम असलेले लोक आणि बेटं रिकामी ठेवायची असलेले लोक एकाच कागदावर सही करत होते, आणि पहिल्यांना दुसऱ्यांची सही खुपली नाही. मला ते जास्त लागतं.

बंदीची कडक अंमलबजावणी म्हणाल तर तीही निवडक होती. दिएगो गार्सिया आणि त्याभोवतीचे तीन मैल क्षेत्रातून वगळलेले. तळावरचे सैनिक आणि कंत्राटी कामगार हौसेने मासे धरू शकत होते. २०१४ मध्ये बातमी आली की अमेरिकन नौदलाची जहाजं तिथल्या खाजणात अनेक दशकं सांडपाणी सोडत होती. श्रीमंत लोकांच्या सफरीच्या नौकांना परवाना काढून ठरावीक बेटांजवळ काही दिवस नांगर टाकता यायचा. बेटांवर जन्मलेल्यांना मात्र सरकारी देखरेखीत, मोजक्या दिवसांची, थडगी साफ करायची सहल.

आणि दोन महाराष्ट्रांएवढ्या पाण्याला गस्तीचं जहाज एक. श्रीलंकेतून आणि आपल्या कन्याकुमारीकडून छोट्या बोटी शार्कच्या मागे तिथवर जातात. पकडले गेलेले मच्छीमार दिएगो गार्सियावर नेले जातात, दंड होतो, बोट जप्त होते. उपग्रहावरून बोटी बघण्याचं तंत्र आता आहे. मोठ्या जहाजांवर एआयएस नावाचं यंत्र असतं, ते सतत आपली जागा सांगत असतं, आणि २०१६ पासून ग्लोबल फिशिंग वॉचच्या नकाशावर तुम्ही-आम्हीही ते बघू शकतो. पण लाकडी बोटीवर ते यंत्रच नसतं, आणि चोराच्या जहाजावर ते बंद करता येतं. लॉगमध्ये एरर दिसत नाही म्हणजे सिस्टीम ठीक चाललीय, असं मानणाऱ्यांना आमच्याकडे कोणी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही.

शिवाय गरम पाण्याला परवाना लागत नाही. २०१५-१६ मध्ये समुद्र पुन्हा तापला आणि चागोसचे प्रवाळ पुन्हा मोठ्या प्रमाणावर मेले.

आता एक तारीख: १८ मार्च २०१५. त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या.

मॉरिशसने समुद्र कायद्याखाली ब्रिटनविरुद्ध लवादात खटला घातला होता, त्याचा निकाल याच तारखेचा. लवादाने म्हटलं की १९६५ मध्ये चागोस घेताना ब्रिटनने मॉरिशसला दिलेली वचनं बंधनकारक आहेत: तिथल्या पाण्यात मासेमारीचा हक्क, आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत. हे सगळं बाजूला ठेवून, मॉरिशसशी धड सल्लामसलत न करता संरक्षित क्षेत्र जाहीर करणं हा कायद्याचा भंग. समुद्र राखू नका असं लवाद म्हणाला नाही. विचारल्याशिवाय राखू नका, म्हणाला.

आणि त्याच दिवशी लंडनमध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी बजेट मांडलं. त्यात पॅसिफिकमधल्या पिटकेर्न बेटांभोवती ८ लाख ३० हजार चौरस किलोमीटरच्या सागरी क्षेत्राची घोषणा होती. पण बजेटच्या कागदातली अटींची ओळ वाचा. उपग्रहाच्या देखरेखीसाठी स्वयंसेवी संस्थांशी करार झाला तर, चोरीचे मासे उतरवू न देण्याबद्दल बंदरांशी ठरलं तर, आणि नौदलाचा बंदोबस्त खात्याच्या सध्याच्याच बजेटमध्ये बसला तर. म्हणजे नवा पैसा नाही. उपग्रहाच्या देखरेखीला पाच वर्षांचा हातभार कोणाचा? पुन्हा बेर्तारेल्ली फाउंडेशनचा.

पण एक मोठा फरक होता. पिटकेर्नवर पन्नासेक माणसं राहतात, आणि तिथल्या बेट परिषदेने २०१२ मध्ये स्वतः ठराव करून हे क्षेत्र मागितलं होतं. त्यांचे प्रतिनिधी लंडनला जाऊन मागे लागले होते.

ट्रिस्टन दा कुन्याची गोष्ट तर मला या सगळ्यात सर्वांत पटलेली. दक्षिण अटलांटिकमध्ये, केपटाऊनहून बोटीने आठवडा लागतो, अडीचशेच्या आसपास वस्ती. विमानतळ नाही. गावाचं पोट शेवंडांवर. २०११ च्या मार्चमध्ये सोयाबीन भरलेलं एक मालवाहू जहाज शेजारच्या बेटावर आपटून फुटलं आणि तेल पसरलं. हजारो पेंग्विन तेलात माखले. गावातल्यांनी ते बोटींनी आणले, धुतले, आणि गावातला पोहण्याचा तलाव पेंग्विनना दिला. शेवंडांची मासेमारी दोन बेटांभोवती थांबवावी लागली. समुद्र बिघडला की चूल विझते, हे या गावाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या परिषदेने ६ लाख ८७ हजार चौरस किलोमीटरचं क्षेत्र जाहीर केलं. बेटांजवळची शेवंडांची मासेमारी चालू ठेवली, बाकी साधारण नव्वद टक्के समुद्र बंद. सोबत दात्या संस्थांनी मिळून कायमनिधी उभा केला, म्हणजे मुद्दल तसंच ठेवून व्याजावर खर्च. इथेही पैसा बाहेरचाच आहे. पण कुठे जाळं टाकायचं आणि कुठे नाही, हे ठरवताना जाळं टाकणारे खोलीत होते.

तिसरी तऱ्हा साउथ जॉर्जियाची. तिथे वस्ती नाही, पण टूथफिश नावाच्या खोल पाण्यातल्या महाग माशाचे मोजके परवाने विकतात. अल्बट्रॉस पक्षी गळाला लागू नयेत म्हणून दोऱ्या रात्री टाकायच्या, हंगाम हिवाळ्याचा, अशा अटी घालून. त्या फीमधून गस्त आणि संशोधनाचा मोठा खर्च निघतो. कट्टर मंडळींना हे आवडत नाही: संरक्षित क्षेत्र आणि मासेमारी एकत्र कशी? मला विचाराल तर ज्या समुद्रात परवानाधारक बोटी आहेत तिथे चोर आला तर ओरडायला कोणीतरी असतं. चागोसमध्ये परवाने बंद केल्यावर तीही नजर गेली.

२०१६ मध्ये ब्रिटनने ब्लू बेल्ट नावाखाली हे सगळं एकत्र बांधलं. चार वर्षांना २ कोटी पौंड, आणि क्षेत्र ४० लाख चौरस किलोमीटर. भागाकार करा: वर्षाला चौरस किलोमीटरमागे सव्वा पौंड. लंडनमध्ये तेवढ्यात धड चहा मिळत नाही. हा एकच पैशाचा स्रोत नव्हता हे कबूल, तरी आकडा बोलका आहे. युरोपीय संघाची या दूरच्या प्रदेशांच्या निसर्गासाठी जी योजना होती, ती ब्रेक्झिटनंतर हातची गेली ते वेगळंच.

त्याच २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने चागोसवासीयांना परत वसवायला नकार दिला. कारणं: व्यवहार्यता, संरक्षण, आणि करदात्यावर पडणारा खर्च. आदल्या वर्षी केपीएमजीने काढलेला अंदाज होता ५० माणसांसाठी ६ कोटी ३० लाख पौंडांपासून दीड हजार माणसांसाठी ४१ कोटी ४० लाखांपर्यंत. त्याऐवजी दहा वर्षांत ४ कोटी पौंडांचं पॅकेज जाहीर झालं, आणि पहिली बरीच वर्षं त्यातलं फारच थोडं खर्च झालं. समुद्रासाठी दाता सापडला होता. माणसांसाठी कोणी शोधला नाही.

पुढचं भराभर सांगतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं, ब्रिटनने लवकरात लवकर कारभार सोडावा. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी तोच ठराव. भारताने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने एक जहाज काढलं आणि बाँकूंसह काही चागोसवासी ब्रिटनची परवानगी न घेता पेरोस बान्योसच्या वाळूवर उतरले. सगळीकडे माजलेलं रान होतं. आणि २२ मे २०२५ ला करार झाला. त्या पहाटे दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन बायकांच्या अर्जावर लंडनच्या हायकोर्टाने तात्पुरती स्थगिती दिली, दुपारपर्यंत ती उठली, आणि सही झाली. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्याबद्दलच्या करारात आम्हाला विचारलं कुठे?

मॉरिशसबद्दल आपल्या लोकांना एक वेगळी आपुलकी आहे. रत्नागिरी-साताऱ्याकडून एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात, गणपती बसवतात, शाळेत मराठी शिकतात. त्यामुळे मॉरिशसला बेटं मिळाली की आपण टाळ्या वाजवतो, आणि वसाहतवादाविरुद्ध तो विजय आहेच. पण पोर्ट लुईच्या वस्त्यांत चागोसवाल्यांना मॉरिशसमध्येही फार मानाने वागवलं गेलेलं नाही. त्यांच्यातले कितीतरी आता लंडनजवळच्या क्रॉलीत राहतात, आणि त्यांच्यात या करारावरून दोन तट आहेत. बाँकू करारासोबत, क्रॉलीतले बरेच विरोधात.

कराराप्रमाणे सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे. दिएगो गार्सिया सोडून इतर बेटांवर मॉरिशस लोकांना परत वसवू शकतो. सही म्हणजे लगेच अंमल नव्हे, दोन्हीकडे कायदे व्हावे लागतात. पण कागदावर काय आहे ते वाचण्यासारखं आहे. तळाच्या भाड्याचे आकडे स्वच्छ लिहिलेत: पहिली तीन वर्षं वर्षाला १६ कोटी ५० लाख पौंड, चौथ्यापासून तेराव्या वर्षापर्यंत १२ कोटी, पुढे महागाईनुसार वाढ. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा विश्वस्त निधी, तो चालवणार मॉरिशस. आणि समुद्राबद्दल? मॉरिशस तिथे स्वतःचं सागरी संरक्षित क्षेत्र करेल, ब्रिटन त्याला मदत करेल, आणि त्या मदतीच्या अटी दोन्ही देश वेगळ्या लेखी समझोत्यात ठरवतील.

कोणी परत गेलंच, तर पेरोस बान्योसवर राहणारा माणूस दारासमोरच्या पाण्यात गळ टाकू शकेल की नाही, हे त्या दुसऱ्या कागदात आणि मॉरिशसच्या नियमांत ठरणार आहे.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या एपिसोडमध्ये एआयएसबद्दल सविस्तर बोलू, बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलंय. भेटू.